पत्त्यांनी नेले की मी दिले? लाइव्ह पोकरमध्ये सलग हरणाऱ्या नवख्यांसाठी

चार शनिवार झाले, तुम्ही हरताय. पहिल्या शनिवारी वाटलं, पत्तेच वाईट आले. दुसऱ्या वेळी शेजारच्याचं नशीब जोरावर होतं. तिसऱ्यापासून रात्री झोप लागेनाशी झाली. आणि आता गाडी चालवताना, आंघोळ करताना, ऑफिसात चहा पिताना एकच वाक्य डोक्यात घोळतंय: आपल्याला हा खेळ जमतच नाही.

मी या अवस्थेतून दोनदा गेलोय. दोन्ही वेळा जे उपयोगी पडलं ते इथे क्रमाने लिहितो. होल्डम कसा खेळतात, ब्लाइंड म्हणजे काय, फ्लॉप-टर्न-रिव्हर कशाला म्हणतात, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

पहिली पायरी: आपण कुठे बसतोय ते बघा

हरण्याचं दुःख वेगळं आणि हरताना पोटात असलेली भीती वेगळी. कोणाच्या तरी गाळ्यात शटर ओढून रोख पैसे लावून खेळत असाल, तर अर्धं लक्ष दाराकडेच राहणार. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. कॅसिनोसाठी १९७६ मध्ये एक कायदा झाला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले. त्यामुळे नागपुरात पैशाचा पोकर खेळू नका, हे मी कोणाचीही भीड न ठेवता सांगतो.

आमचा शनिवारचा डाव त्रिमूर्तीनगरात एका मित्राच्या हॉलमध्ये असतो. प्रत्येकाला २०० चिप्स, पैसा एक रुपयाचाही नाही, वर्षभराचे गुण एका वहीत. खऱ्या पैशाचा लाइव्ह पोकर आम्ही वर्षातून दोनदा, गोव्याच्या परवानाधारक कॅसिनोत खेळतो. तिथे वयाची अट २१ वर्षांची आहे. आणि एक सांगू का, बिनपैशाच्या टेबलावरही सलग हरलं की माणूस तितकाच खचतो. दुखावतो तो आपल्या अकलेवरचा विश्वास, आणि तो पैशावाचूनही पणाला लागलेला असतो.

दुसरी पायरी: हरणं किती असतं ते आधी मोजा

ही पायरी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त आधार हिचाच आहे. म्हणून इथे थोडं थांबू.

लाइव्ह टेबलावर डीलर हाताने पिसतो, वाटतो, चिप्स मोजतो, कोणीतरी विचार करत बसतो. तासाला २५ ते ३० हात होतात. पाच तासांची बैठक म्हणजे फार तर १५० हात. आता हे १५० हात किती थोडे आहेत ते बघा.

एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा येते. म्हणजे पाच तास बसलात तरी ती एकदाही न येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. हातात जोडी नसेल, अगदी एक्का-बादशाह असले तरी, तीनात दोनदा फ्लॉपवर काहीच लागत नाही. लहान जोडी धरून तिसरा तसाच पत्ता येईल म्हणून बसलात, तर तो साडेआठ वेळांत एकदा येतो. एवढं करून एक्क्यांची जोडी आली, समोर बादशाहांची जोडी निघाली आणि सगळे पैसे फ्लॉपच्या आधीच आत गेले, तरी तुमची बाजू ८२ टक्क्यांची. उरलेल्या १८ टक्क्यांत समोरचा पॉट ओढून नेतो. ‘आज पत्ते लागतच नाहीत’ ही आपली रोजची तक्रार असते, आणि पत्ते तर ठरल्या प्रमाणातच पडत असतात.

आता पूर्ण बैठकीचा हिशेब. समजा एक खरोखर चांगला खेळाडू आहे. रेक, म्हणजे कॅसिनो प्रत्येक पॉटमधून कापतो तो हिस्सा, जाऊन तो तासाला सरासरी ६ बिग ब्लाइंड जिंकतो. लहान टेबलावर ही कमाई उत्तम. पण एका तासात त्याच्या चिप्सचा वर-खाली हेलकावा, गणितात ज्याला ‘प्रमाण विचलन’ म्हणतात तो, ५० बिग ब्लाइंडच्या आसपास असतो. सरासरी ६ आणि हेलकावा ५० चा! यावरून मांडलं तर पाच तासांच्या दहा बैठकांपैकी जवळपास चार बैठका हा माणूस हरून उठतो. अशा शंभर बैठकांत सलग चार वेळा हरण्याची वेळ निदान एकदा येण्याची शक्यता तीन चतुर्थांशांहून जास्त आहे. सलग पाच वेळा? तीही निम्म्याच्या जरा खाली. शंभर तास खेळून एकूण तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ११ टक्के.

आणि हे सगळं चांगल्या खेळाडूचं. आठवड्याला एक बैठक धरली तर शंभर बैठका व्हायला दोन वर्षं लागतात. तुमच्या चार शनिवारांवरून तुम्ही चांगले की वाईट, हे कोणालाच सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही.

आपल्या शहराला बुद्धिबळ समजावून सांगायची गरज नाही. इथल्याच दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. बुद्धिबळात हरलात तर तोच डाव पटावर पुन्हा मांडता येतो, दोन्हीकडचे मोहरे दिसत असतात, चूक नेमक्या चालीवर बोट ठेवून दाखवता येते. पोकरमध्ये समोरच्याने पत्ते न दाखवता सरकवले की उत्तर त्यांच्यासोबतच गेलं. चुकीचा हात जिंकतो, बरोबर हात हरतो, आणि आपलं मन मात्र प्रत्येक निकालाकडे गुणपत्रिकेसारखं बघतं.

आमच्यात एखादी वाईट रात्र गेली की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘घेऊन जा गे मारबत!’ तान्ह्या पोळ्याला काळ्या-पिवळ्या मारबतीसोबत इडापिडा शहराबाहेर जाते, तशी ही पनवती जावी, ही त्यामागची भावना. तेवढ्याने मन हलकं होत असेल तर जरूर म्हणा. फक्त तिच्या भरवशावर पुढचा बाय-इन, म्हणजे चिप्स घ्यायचे पैसे, काढू नका.

तिसरी पायरी: त्या रात्री, त्या टेबलावर

गोव्यातला एक हात सांगतो. १००-२०० चं टेबल, समोर २० हजारांच्या चिप्स, रात्रीचे साडेअकरा. सलग तीन बैठका हरून आलो होतो. हातात बादशाहांची जोडी, इस्पिक आणि किलवर. वाढवलं, एकाने कॉल केला. फ्लॉप पडला: चौकटचा बादशाह, बदामाची नव्वी, बदामाची चौकी. तीन बादशाह माझे. मी लावले, त्याने वाढवले, मी सगळे सरकवले, त्याने लगेच कॉल केला आणि बदामाचा एक्का-दश्शी उलटे केले. चारात तीनदा हा पॉट माझा. टर्नला इस्पिकची दुर्री आली. रिव्हरला बदामाची छक्की.

माझे कान गरम झाले होते, ते आजही आठवतं. डीलरने चिप्स त्याच्याकडे ढकलल्या. मी खिशात हात घातला आणि आणखी २० हजार टेबलावर ठेवले. दहा मिनिटंही झाली नसतील, मी किलवरची नव्वी-सत्ती घेऊन एका वाढवणाऱ्याला कॉल केला. नव्वीची जोडी लागली. समोरचा प्रत्येक पत्त्यावर मोठं लावत होता आणि मला तो खोटं बोलतोय असं वाटत होतं. वाटत कसलं, तसं वाटून घ्यायचं होतं. त्याच्याकडे राण्यांची जोडी होती. दुसरे २० हजारही गेले.

पहिले २० हजार पत्त्यांनी नेले. दुसरे मी दिले. हा फरक मला त्या रात्री कळला नाही, कळायला दोन महिने गेले. पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. आपल्याकडे डोकं फिरणं म्हणतात, आणि तोच शब्द मला जास्त नेमका वाटतो.

डोकं फिरल्यावर निर्णय घेता येत नाही. म्हणून निर्णय आधीच घेऊन ठेवा, शांत असताना, घरून निघण्यापूर्वी. माझे असे आहेत: एका दिवसात दोनच बाय-इन. तेवढेच पैसे खिशात, कार्ड हॉटेलच्या खोलीवर. मोठा पॉट हरलो की चिप्स टेबलावरच ठेवून उठायचं, पाणी प्यायचं, बाहेर वाऱ्यावर दहा मिनिटं फिरायचं. तेवढ्यात फार तर पाच हात चुकतात. खेळताना दारू नाही. रात्री एकनंतर नवीन बाय-इन नाही, पहिलाच असला तरी नाही.

डोकं फिरल्याची प्रत्येकाची खूण वेगळी असते, ती आपली आपण शोधा. माझे कान तापतात. आमच्यातला एक जण चिप्स खूप वेगाने वाजवायला लागतो. दुसरा एकदम गप्प होतो आणि प्रत्येक हात खेळायला लागतो. आपली खूण सापडत नसेल तर शेजारी बसणाऱ्या मित्राला विचारा, त्याला ती कधीचीच माहीत असते.

चौथी पायरी: वही

साधी दोनशे पानी वही घ्या. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण मला हाताने लिहिताना खोटं लिहवत नाही.

प्रत्येक बैठकीला एक पान. वर तारीख, जागा, किती तास. मग एकूण आकडा, रुपयांत लिहिण्यापेक्षा बिग ब्लाइंडमध्ये. त्यामुळे त्रिमूर्तीनगर आणि गोवा एकाच मापाने मोजता येतात, आणि ‘२० हजार गेले’ याऐवजी ‘१०० ब्लाइंड गेले’ लिहिलं की छातीतली धडधडही थोडी कमी होते. त्याखाली पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘पत्त्यांनी नेले’, उजवीकडे ‘मी दिले’.

मोठे तीन-चार हात आठवून त्यांचा तोटा दोन्ही बाजूंना वाटून टाका. नियम एकच: पैसे आत गेले त्या क्षणी तुम्ही पुढे होता, किंवा पॉटच्या मानाने कॉल परवडणारा होता, तर ती रक्कम डावीकडे. बाकी सगळं उजवीकडे. उदाहरणार्थ, टर्नवर फ्लशसाठी एक पत्ता हवा आहे, नऊ पत्ते उपयोगाचे, न दिसलेले ४६. म्हणजे पाचात एकदा. तीन हजारांच्या पॉटमध्ये समोरच्याने हजार लावले असतील, तर चार हजारांसाठी हजार मोजायचे, हा भाव पाचात एकदाला थोडा कमी पडतो. पुढे फ्लश लागल्यावर तो आणखी देईल अशी खात्री असेल तर डावीकडे लिहा. त्याने तीन हजार लावले होते आणि तरी कॉल केला असेल, तर उजवीकडे, आणि फ्लश लागून पॉट जिंकला असलात तरीही त्या हाताची नोंद करा. जिंकलेल्या रात्रींतल्या उजव्या बाजूच्या नोंदी आपण सहसा करत नाही. खेळ तिथेच सडत जातो.

दहा पानं झाली की फक्त उजवा रकाना वाचा. डाव्याचं आपण काहीच करू शकत नाही.

पाचवी पायरी: निकाल झाकून हात सांगा

स्वतःवरचा संशय एकट्याने सुटत नाही. एक मित्र लागतो, खेळ कळणारा आणि तोंडावर बोलणारा. त्याला हात सांगताना एक पथ्य पाळा: शेवटी काय झालं ते सांगायचं नाही. कोण कुठे बसला होता, किती चिप्स होत्या, कोणी किती लावले, एवढं सांगा आणि तुमच्या निर्णयापाशी थांबा. ‘तू असता तर काय केलं असतं?’

एका रविवारी सकाळी धरमपेठेत तर्रीपोह्याच्या ठेल्यावर मी असाच एक हात सांगत होतो. एक्क्याची वरची जोडी, बादशाह सोबत, रिव्हरपर्यंत मी लावत आलो आणि रिव्हरला समोरच्याने वाढवलं. मित्राने प्लेटमधला चणा बाजूला सारला आणि विचारलं, ‘तो माणूस रात्रभर कितीदा वाढवून राहिला होता?’

‘एकदाही नाही.’

‘मग तू कॉल काऊन केला बे?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हात पडताना तो ‘दुर्दैवी’ होता, कारण रिव्हरलाच त्याच्या दोन जोड्या झाल्या. सांगताना तो साधा चुकीचा कॉल निघाला. गंमत म्हणजे मला त्या सकाळी बरं वाटलं. चूक सापडली म्हणजे दुरुस्त करण्यासारखं काहीतरी हातात आलं. ‘आपल्याला जमत नाही’ या वाक्याला दुरुस्ती नसते. ‘गप्प बसणाऱ्या माणसाने रिव्हरला वाढवलं की मी एका जोडीवर कॉल करतो’ या वाक्याला असते.

नवख्यांच्या उजव्या रकान्यात बहुतेक त्याच तीन-चार गोष्टी सापडतात. फार कॉल करणं. पहिल्या जागांवर बसून एक्का-सत्तीसारखे पत्ते खेळणं. ब्लाइंडमध्ये पैसे टाकलेच आहेत म्हणून पुढे ओढत जाणं. आणि लहान टेबलावरच्या रिव्हरच्या रेझवर, म्हणजे वाढवण्यावर, विश्वास न ठेवणं. शेवटच्याबद्दल मी ठाम आहे: लहान टेबलांवर रिव्हरला वाढवणारा माणूस बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. महिनाभर एवढी एकच गोष्ट सुधारा. सगळं एकदम सुधारायला गेलात तर काहीच पक्कं होत नाही.

सहावी पायरी: पैसा आणि घर

पोकरचा पैसा वेगळा ठेवा आणि तो संपला तर घरात कोणाला कळणारही नाही इतकाच ठेवा. हरत असताना टेबल मोठं करायचं नाही, लहान करायचं. कर्ज काढून, मित्राकडून यूपीआयने मागवून, पगार यायच्या भरवशावर खेळायचं नाही. कराचाही विचार करा: पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर आहे, वर उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. ‘शेवटी भरून निघेल’ हा हिशेब त्यामुळे दिसतो त्यापेक्षा बराच कठीण आहे.

आणि काही गोष्टी हरण्याच्या सत्राच्या पलीकडच्या असतात. हरलेला आकडा बायकोला, आईला कमी करून सांगताय. गेलेले पैसे परत आणायचे म्हणूनच बसताय, खेळ आवडतो म्हणून नाही. थांबायचं ठरवून चार-पाचदा मोडलंय. यातलं काही ओळखीचं वाटत असेल, तर वही, गणित, मित्र यांचं इथे काम नाही. खेळ पूर्ण बंद करा आणि बोला. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे. आमच्यातला एक जण गेला होता. आता तो आमच्यासोबत जेवायला येतो, पत्ते मांडायच्या आधी घरी जातो, आणि त्याला कोणी थांब म्हणत नाही.

सातवी पायरी: सुट्टी, आणि परत बसताना

सलग चार-पाच बैठका हरल्या असतील तर दोन-तीन आठवडे पत्त्यांना हात लावू नका. सकाळी अंबाझरीला चक्कर मारा, झोप भरून काढा. मे महिन्यात तर मी एरवीही बसत नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री, हॉलमध्ये कूलरची घरघर, अशा वेळी कोणाचंच डोकं धड चालत नाही.

परतल्यावर पहिल्या बैठकीत जिंकायचं ठरवू नका, कारण ते तुमच्या हातात नाही. हातात असलेली तीन कामं ठरवा. तीन तासांनी उठायचं, पुढे असलो काय किंवा मागे. न खेळलेल्या हातांतही टेबलाकडे बघायचं, फोन खिशात. कोण वाढवतो, कोण नुसता कॉल करत राहतो, ते टिपायचं. आणि पाच हात लिहून काढायचे, त्यात जिंकलेला निदान एक.

सुट्टीनंतरचं माझं पहिलं पान आत्ता समोर उघडं आहे. शनिवार, त्रिमूर्तीनगर, ३ तास, उणे ४१ ब्लाइंड. डावीकडे ३५: फ्लॉपवर दोन जोड्या, समोरच्याला रिव्हरला सरळ (स्ट्रेट) लागली. उजवीकडे ६: बटनवरून, म्हणजे डीलरच्या जागेवरून, राणी-चौकी खेळलो, कंटाळा आला होता म्हणून. रिव्हरला एक रेझ आली, मी पत्ते टाकले. त्याने हसून राण्यांची तिघी दाखवली.